पाचवा पंखा: शीतकरण नियंत्रकाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

वडोदऱ्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या टेस्ट बेंचवर असलेल्या शीतकरण नियंत्रकाच्या एका दोषासाठी आजपासून स्वतंत्र नोंदी ठेवत आहे, कारण या दोषाचे कारण आम्ही आतापर्यंत दोनदा चुकीचे ठरवले आणि दोन्ही वेळा बदललेला सुटा भाग निर्दोष निघाला. नियंत्रक पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी आहे. तेलाचे किंवा वाइंडिंगचे तापमान ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले की रेडिएटरवरचे पंखे टप्प्याटप्प्याने चालू करायचे आणि तापमान उतरले की बंद करायचे, एवढेच त्याचे मूळ काम आहे.

बोर्डावर एसटीएम३२एमपी१५७ ही चिप आहे. तिच्यातील दोन कॉर्टेक्स-ए७ कोअरवर लिनक्स चालते आणि ते पडदा, नोंदी व सबस्टेशनशी होणारा संवाद सांभाळते. तिसरा कोअर कॉर्टेक्स-एम४ आहे. त्याच्यावर आमचे फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअर थेट चालवणारा आमचा प्रोग्रॅम, चालते आणि दर १० मिलिसेकंदांनी तापमान तपासून पंख्यांचा निर्णय घेते. बाहेर जाणाऱ्या सोळाही आदेशांसाठी, म्हणजे आठ पंखे, दोन ऑइल पंप, चार दिवे, एक हूटर आणि एक राखीव जागा यांसाठी, पीसीएफ८५७५ ही एकच विस्तारक, म्हणजे जास्तीच्या पिना पुरवणारी, चिप आहे. ती आय-टू-सी या चिपांना जोडणाऱ्या बसच्या दोन तारांवर बसते, आणि त्याच दोन तारांवर लिनक्सचा एक व फर्मवेअरचा एक असे दोन वेगळे नियंत्रक जोडलेले आहेत.

तक्रार अशी आहे की दिवसा-दोन दिवसांतून एकदा एखादा पंखा, बहुतेक वेळा पाचवा, ‘आदेश चालू, प्रतिसाद बंद’ अशा नोंदीसह बंद अवस्थेत सापडतो आणि फर्मवेअरने पुढचा कुठलाही आदेश लिहीपर्यंत तसाच राहतो. दोन्ही बाजू विस्तारकाला हात लावण्यापूर्वी हार्डवेअर सेमाफोर, म्हणजे चिपमधलेच एका वेळी एकालाच मिळणारे लॉक, घेतात, त्यामुळे ‘लॉक आहे, मग रेस कंडिशन, म्हणजे दोघांच्या लेखनांची आपसांतली शर्यत, कशी असेल’ असे म्हणून आम्ही हा संशय गेल्या महिन्यात बाजूला ठेवला होता. तो आज परत घेत आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

दोन्ही प्रोसेसर ज्या रजिस्टरांना (चिपमधील नियंत्रणाच्या जागांना) हात लावतात त्यांची यादी केली. ती करताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: येथे आधी वाचून, बदलून, मग पूर्ण शब्द (सर्व बिट एकत्र) परत लिहावा लागतो का? जेथे असे करावे लागत नाही तेथे लॉकची गरजही नाही. उदाहरणार्थ, या चिपच्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिना उंचावण्या-उतरवण्यासाठी वेगळे रजिस्टर आहे. त्यात ज्या बिटवर १ लिहावे तेवढीच पिन हलते आणि बाकीच्या पिनांना धक्का लागत नाही. क्लॉक चालू-बंद करण्याच्या रजिस्टरांचेही तसेच आहे. ‘चालू करा’ आणि ‘बंद करा’ यांसाठी वेगळे पत्ते आहेत आणि दोन प्रोसेसरांचे संचही वेगळे आहेत. ज्यांनी ही चिप आखली त्यांनी दोन धन्यांचा विचार तेथेच करून ठेवला आहे.

याउलट पिन कोणत्या कामासाठी वापरायची हे ठरवणारे रजिस्टर पूर्ण शब्दाने लिहावे लागते, आणि म्हणूनच लिनक्सचा पिन-नियंत्रणाचा ड्रायव्हर त्या जागी हार्डवेअर स्पिनलॉक (सेमाफोरचे लिनक्समधले नाव) घेतो. आमचा विस्तारक याच दुसऱ्या प्रकारात मोडतो. पीसीएफ८५७५ला ‘फक्त पाचवा बिट बदला’ असे सांगण्याची सोयच नाही, प्रत्येक वेळी सोळा बिट एकत्र लिहावे लागतात. वाचायला गेले तर पिनेवरची पातळी मिळते, आपण शेवटी काय लिहिले होते ते मिळत नाही. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर आणि आमचे फर्मवेअर दोघेही शेवटच्या लेखनाची स्वतःची प्रत जवळ ठेवतात.

पॅनलची जोडणी पाहणारे काका आज बेंचजवळ होते. त्यांना मी विचारले, “काका, पाचवा पंखा बंद पडतो तेव्हा कॉन्टॅक्टर सुटल्याचा आवाज येतो का?” ते म्हणाले, “सुटल्याचा नाही आणि लागल्याचाही नाही. पडद्यावर चालू झाला असे दिसते, पण कॉन्टॅक्टर बोलतच नाही.” हे वाक्य नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. आतापर्यंत आम्ही समजत होतो की चालू झालेला पंखा नंतर बंद पडतो. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तो चालूच होत नाही. कॉन्टॅक्टरला, म्हणजे पंख्याची वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचला, ओढ घ्यायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणजे आदेश त्याहूनही आधी मागे घेतला जात असला पाहिजे.

७ ऑगस्ट, गुरुवार

तारांवरचे सिग्नल नोंदवणारा लॉजिक ॲनालायझर लावला. आय-टू-सीच्या तारांवर दोन्ही नियंत्रकांचे लेखन सारखेच दिसते, कारण विस्तारकाचा पत्ता एकच आहे. कोण लिहीत आहे हे कळावे म्हणून दोन राखीव पिना घेतल्या. लिनक्स लॉक धरते तेव्हा पहिली पिन वर जाते आणि फर्मवेअर धरते तेव्हा दुसरी.

दुपारी साडेतीनच्या सुमारास घटना सापडली. आमच्या जोडणीत शून्य म्हणजे चालू. पहिले चार पंखे चालू असताना पंख्यांचा बाइट सोळा-आधारी एफ० असतो, आणि पाचवा चालू झाला की तो ई० होतो. फर्मवेअरची पिन वर गेली, तारांवर ई० गेले, पिन खाली आली. लगेच लिनक्सची पिन वर गेली आणि दिव्यांचा दुसरा बाइट बदलून लिहिताना पहिल्या बाइटमध्ये पुन्हा एफ० गेले. दोन्ही लेखनांमध्ये अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी अंतर होते. कॉन्टॅक्टरला हलायला वेळच मिळाला नाही, आणि काकांचे निरीक्षण अचूक ठरले.

लॉक दोन्ही बाजूंनी नियमाप्रमाणे घेतले गेले होते, आणि तारांवर कोणतीही टक्कर नव्हती. आय-टू-सीमध्ये दोन धनी एकाच वेळी बोलू लागले तर एकाला माघार घ्यायला लावणारी व्यवस्था मुळातच आहे, आणि आमचे लॉक प्रत्यक्षात तेच काम दुसऱ्यांदा करत होते. त्याने तारांचे रक्षण केले, सोळा बिटांच्या सत्याचे केले नाही. फर्मवेअर पंखा बदलल्यावर लिनक्सला आरपीमेसेजने (दोन प्रोसेसरांमधील संदेशव्यवस्थेने) कळवते आणि लिनक्स आपली प्रत सुधारते. पण तो संदेश कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, रांगेतून पोहोचेपर्यंत लिनक्सची प्रत जुनीच असते. शिवाय आमचा ड्रायव्हर नवी किंमत लॉक मिळण्याच्या आधीच तयार करून ठेवत होता. म्हणजे लॉकच्या दाराशी तो शिळी किंमत हातात घेऊन उभा होता, आणि दार उघडताच त्याने ती लिहून टाकली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दोन खासगी प्रती रद्द केल्या. सोळा बिटांची एकच प्रत आता एम४च्या एसरॅममध्ये (चिपमधील स्मृतीत), दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या जागेत ठेवली आहे. ती लॉक मिळाल्यानंतरच वाचायची आणि लॉक सोडण्यापूर्वी लिहायची, असा नियम दोन्ही बाजूंच्या संकेतांमध्ये (कोडमध्ये) घातला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सोमवारपासूनच्या चार दिवसांत एकही चूक दिसली नाही. उद्या स्वातंत्र्यदिन, परवा जन्माष्टमी आणि नंतर रविवार, म्हणून बेंच तीन दिवस चालू ठेवून जात आहे. दिव्यांची तपासणी स्वयंचलितपणे दर मिनिटाला चालेल आणि तापमानाची नक्कल करणारा स्रोत पंख्यांचे टप्पे सतत बदलत राहील. ॲनालायझरला ‘आदेश आणि प्रतिसाद जुळले नाहीत’ या खुणेवर थांबायला सांगितले आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

ॲनालायझर थांबलेला सापडला. घटना शनिवारी पहाटेची आहे, आणि पंखा पुन्हा पाचवाच. मन खट्टू झाले हे खरे, पण हा दोष पहिल्यापेक्षा वेगळा आहे हे चित्रातच दिसते. येथे लिनक्सची पिन वर गेली, खाली आली, आणि ती खाली असतानाच लिनक्सच्या नियंत्रकाकडून विस्तारकावर आणखी एक लेखन झाले. लॉक सोडल्यानंतरचे लेखन! त्याच काळात फर्मवेअरची पिन वर होती.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजची नोंद लांब होणार आहे, कारण संपूर्ण दोषाचे मूळ येथे आहे आणि ते सविस्तर लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते.

लिनक्समध्ये हार्डवेअर स्पिनलॉकची सामाईक चौकट २०११ साली, २.६.३९ या आवृत्तीपासून आली. नेहमीच्या पद्धतीने लॉक घेतले तर ही चौकट आधी लिनक्सच्या आतले साधे स्पिनलॉक घेते, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच बाजूला सारणे) बंद करते, आणि मगच हार्डवेअरकडे वळते. लॉक असेपर्यंत झोपता, म्हणजे प्रोसेसर सोडून वाट पाहता, येत नाही. आय-टू-सीचे लेखन मात्र झोपते: ते काम नियंत्रकाला देऊन पूर्ण झाल्याच्या इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) वाट पाहते. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही नेहमीची पद्धत वापरली तेव्हा कर्नलने ‘शेड्यूलिंग व्हाइल अटॉमिक’ (मनाई असताना झोपलात) अशी तक्रार केली होती. आम्ही त्यावर उपाय म्हणून चौकटीची ‘रॉ’ पद्धत निवडली. तिच्यात आतले स्पिनलॉक घेतले जात नाही, प्रीएम्प्शनही बंद होत नाही, आणि झोपता येते. तक्रार नाहीशी झाली आणि आम्ही पुढे गेलो. कर्नलच्या दस्तऐवजात त्याच पद्धतीपुढे स्पष्ट इशारा आहे की ती वापरणाऱ्याने लॉक घेण्याचा मार्ग स्वतःच्या म्यूटेक्सने (झोपून वाट पाहू देणाऱ्या लॉकने) किंवा स्पिनलॉकने सुरक्षित केला पाहिजे. तो इशारा आम्ही वाचला होता, पण त्याचा अर्थ ‘नाहीतर कोणीतरी अडकून पडेल’ एवढाच घेतला होता. अडकून पडलेले तर कोणी दिसत नव्हते.

या चिपवर प्रत्यक्षात काय होते ते असे. बत्तीस सेमाफोर आहेत. लिनक्सचा ड्रायव्हर सेमाफोर घेताना त्याच्या रजिस्टरमध्ये लॉकचा सर्वांत वरचा बिट आणि स्वतःचा कोअर-क्रमांक लिहितो, आणि लगेच तेच रजिस्टर परत वाचतो. लिहिले तेच वाचता आले तर लॉक मिळाले. लिनक्ससाठी ही किंमत सोळा-आधारी ८००००१०० असते, तर एम४साठी ८००००२००. एम४कडे लॉक असेल तर लिनक्सचे लेखन हार्डवेअर दुर्लक्षित करते, वाचताना ८००००२०० मिळते आणि लिनक्सला नकार कळतो. आता लॉक लिनक्सकडेच आहे असे समजा, म्हणजे रजिस्टरमध्ये ८००००१०० आहे. लिनक्सचाच दुसरा थ्रेड (समांतर चालणारे काम), कदाचित दुसऱ्या ए७ कोअरवरून, तीच किंमत लिहितो आणि परत वाचतो. त्यालाही ८००००१०० मिळते! दोन्ही ए७ कोअर सेमाफोरच्या दृष्टीने एकच आहेत, आणि कोअर-क्रमांकाशेजारी असलेला प्रक्रिया-क्रमांक ड्रायव्हर शून्यच ठेवतो. हार्डवेअरला विचारलेला प्रश्न ‘लॉक माझ्याकडे आहे का’ असा आहे, आणि दोघांनाही मिळालेले ‘हो’ हे उत्तर हार्डवेअरच्या परीने अगदी खरे आहे.

काही इतर चिपांवर सेमाफोर वाचणे म्हणजेच घेणे असते. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) ओमॅप या चिपांच्या घराण्यात रजिस्टर वाचल्यावर ० मिळाले तर लॉक आपले झाले आणि १ मिळाले तर ते आधीच घेतलेले आहे, मग ते कोणीही घेतलेले असो. तेथे दुसऱ्या थ्रेडला निदान थांबावे लागले असते. आमच्या चिपवर थांबणे नाही, अडकणे नाही, कोणतीही हाक नाही, आणि म्हणूनच हा दोष इतका काळ लपून राहिला.

आमच्या ड्रायव्हरमध्ये विस्तारकाकडे जाणारे दोन मार्ग आहेत: एक जीपीआयओचा नेहमीचा, आणि दुसरा दिवे तपासण्यासाठी नंतर जोडलेला. पहिल्या मार्गावर म्यूटेक्स होते. दुसऱ्यावर ते घालायचे राहिले, आणि ते मीच जोडले होते. दोघे एकाच वेळी आले की दोघांनाही लॉक ‘मिळते’ आणि दोघेही सामाईक प्रत वाचतात. कर्नलचे आय-टू-सी अडॅप्टर (नियंत्रकाचे कर्नलमधले रूप) मात्र एका वेळी एकाचेच लेखन होऊ देते, म्हणून दुसरा थ्रेड अडॅप्टरच्या दाराशी थांबतो. पहिल्याचे लेखन संपते, तो सेमाफोर सोडतो, आणि एकदा सोडलेला सेमाफोर दोघांच्याही वतीने सुटतो. नेमक्या याच क्षणी फर्मवेअर आत येऊन पाचवा पंखा चालू करते. मग अडॅप्टर मोकळे झालेला दुसरा थ्रेड आपल्या हातातली जुनी सोळा बिटांची किंमत सामाईक प्रतीत आणि विस्तारकावर लिहून टाकतो. शनिवारच्या चित्रातील ‘लॉक सोडल्यानंतरचे लेखन’ ते हेच.

खात्रीसाठी दोन्ही मार्गांवर सेमाफोरमधून वाचलेली किंमत, थ्रेडचा क्रमांक आणि वेळ नोंदवली. तासाभरात दोन थ्रेड एकापाठोपाठ ८००००१०० वाचताना सापडले, आणि त्यांच्यामध्ये लॉक सोडल्याची एकही ओळ नव्हती.

२० ऑगस्ट, बुधवार

दुसऱ्या मार्गावर म्यूटेक्स घालण्याची दुरुस्ती दोन ओळींची आहे आणि ती आज सकाळी केली. पण तेवढ्यावर थांबावे असे मला वाटत नाही. फर्मवेअरची जबाबदारी असलेल्या ताईंबरोबर दुपारी दोन तास बसलो.

माझा प्रश्न होता, “ताई, तुमच्या १० मिलिसेकंदांच्या फेरीत लॉकसाठी किती वेळ थांबणे परवडेल?” त्यांचे उत्तर होते, “अर्धा मिलिसेकंद धरा. त्यापुढे मला तापमानाचे वाचन सोडून द्यावे लागेल.” विस्तारकाचे एक लेखन म्हणजे पत्त्यासह तीन बाइट, प्रत्येकाला पोचपावतीसह नऊ स्पंद, म्हणजे १०० किलोहर्ट्झवर सुमारे ०.२८ मिलिसेकंद. कागदावर हे बसते. पण रॉ पद्धतीत लॉक धरलेला लिनक्सचा थ्रेड मध्येच बाजूला सारला जाऊ शकतो. पडदा रंगवणारे काम पुढे आले की लॉकधारक किती वेळ झोपेल याला मर्यादा नाही, आणि तेवढा वेळ पंख्यांचे नियंत्रण त्याच्यासाठी ताटकळत राहील. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता तो याच जातीच्या उलट्या अग्रक्रमामुळे. कमी अग्रक्रमाच्या कामाकडे म्यूटेक्स होते, मधल्या अग्रक्रमाचे काम त्याला चालू देत नव्हते, आणि सर्वांत महत्त्वाचे काम वाट पाहत होते. त्यांना पृथ्वीवरून अग्रक्रमाचा वारसा देणारी सोय सुरू करता आली. आमच्याकडे तो मार्ग नाही, कारण वाट पाहणारा दुसऱ्याच प्रोसेसरवर आहे आणि लिनक्सच्या शेड्यूलरला तो दिसतच नाही.

प्रत्येक थ्रेडला वेगळा प्रक्रिया-क्रमांक द्यावा, असेही एक मत पुढे आले. त्याने दुहेरी मालकी टळेल, पण थांबण्याचा काळ तसाच अमर्याद राहील. म्हणून मी त्याला नकार दिला.

संध्याकाळी इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला ते वाचत बसलो. संगणकांच्या एसीपीआय या मानकात, ज्याची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ची आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आणि फर्मवेअर यांच्यासाठी स्मृतीतील एका ३२-बिट शब्दात जागतिक लॉक ठेवलेले आहे. त्यातील एक बिट ‘मालकी’ आणि दुसरा ‘कोणीतरी वाट पाहत आहे’ असे सांगतो. सोडणाऱ्याला दुसरा बिट दिसला तर समोरच्याला हाक देणे त्याच्यावर बंधनकारक आहे: फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला इंटरप्टने कळवते आणि ऑपरेटिंग सिस्टिम एका रजिस्टरचा बिट लिहून फर्मवेअरला. इंटेलच्या बे ट्रेल चिपांवर तर आमच्यासारखीच स्थिती आहे. वीज-व्यवस्थापन करणाऱ्या चिपकडे जाणारी आय-टू-सी बस लिनक्स आणि चिपमधील पी-युनिटचे (वीज नियंत्रित करणाऱ्या भागाचे) फर्मवेअर यांच्यात सामाईक आहे, आणि लिनक्सचा ड्रायव्हर प्रत्येक व्यवहारापूर्वी पी-युनिटकडून सेमाफोर मागून घेतो. तेथे बस वाटून घेण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्याकडे ते आहे का, हा प्रश्न घेऊन घरी आलो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

निर्णय झाला. विस्तारकावर यापुढे फक्त फर्मवेअर लिहील. लिनक्सला दिवा लावायचा असेल तर ते एसरॅममधील आपल्या शब्दात तो बिट बदलेल आणि आयपीसीसीच्या (प्रोसेसरांनी एकमेकांना हाक देण्याच्या यंत्रणेच्या) स्वतंत्र वाहिनीवरून एम४ला हाक देईल. फर्मवेअर दोन्ही बाजूंचे शब्द एकत्र करून विस्तारकावर लिहील. पंख्यांचा शब्द फर्मवेअरच बदलते आणि दिव्यांचा शब्द लिनक्सच. ज्या शब्दाला लिहिणारा एकच आहे आणि जो एका लेखनात पूर्ण लिहिला जातो, त्याला लॉक लागत नाही.

मग लॉक कशासाठी उरले? स्वयंचलित आणि हस्तचलित पद्धतींच्या अदलाबदलीसाठी. ऑपरेटरने पडद्यावरून पंखे हातात घेतले की पद्धत, त्या वेळची पंख्यांची मागणी आणि ती किती वेळ टिकेल ही मुदत, अशी तीन क्षेत्रे एकत्र बदलावी लागतात आणि ती दोन्ही बाजूंना बदलता येतात, कारण मुदत संपली की फर्मवेअर स्वतः पद्धत परत फिरवते. हूटरचेही तसेच आहे: वाजवते फर्मवेअर, शांत करते लिनक्स. एवढ्याच क्षेत्रांभोवती सेमाफोर राहील आणि तो नेहमीच्या पद्धतीने, इंटरप्ट बंद ठेवून घेतला जाईल. आत मोजकी वाचने आणि लेखने आहेत, झोपण्यासारखे काहीच नाही, आणि चौकटीचे आतले स्पिनलॉक लिनक्सच्या थ्रेडांना आपसांत वेगळे ठेवते. जुने रॉ पद्धतीचे सर्व संकेत काढून टाकले.

ताईंनी आज त्यांच्या बाजूने स्वतःहून एक गोष्ट शोधली, आणि ती फार मोलाची आहे. फर्मवेअरचा मुख्य लूप आणि टायमरचा इंटरप्ट दोघेही सेमाफोर घेतात आणि दोघांचाही कोअर-क्रमांक व प्रक्रिया-क्रमांक सारखाच होता. लूपने लॉक धरलेले असताना इंटरप्ट आला तर त्यालाही लॉक मिळाल्याचेच दिसले असते. आमच्याच दोषाचा आरसा! त्यांनी सेमाफोर घेण्याआधी एम४चे इंटरप्ट थांबवून सोडल्यावर पूर्ववत करण्याची व्यवस्था केली.

२५ ऑगस्ट, सोमवार

लेखनांच्या क्रमाची तपासणी केली. एसरॅमचा हा भाग लिनक्समध्ये कॅशविना (मधल्या तात्पुरत्या प्रतीविना) जोडलेला आहे आणि एम४ला डेटा कॅश नाहीच, त्यामुळे शिळ्या कॅशची भीती नाही. पण कॅश नसली तरी ए७ आपली लेखने मागे-पुढे पाठवू शकतो. लिनक्सची चौकट लॉक घेतल्यानंतर आणि सोडण्यापूर्वी स्वतः मेमरी बॅरिअर (लेखनांचा क्रम पाळायला लावणारी सूचना) घालते, तेव्हा तीन क्षेत्रांचे लेखन सेमाफोर सुटण्याआधी पोहोचते. फर्मवेअरमध्ये असे कोणी आपोआप करत नाही. तेथे सोडण्याच्या ओळीआधी बॅरिअरची सूचना हाताने घातली, आणि कंपायलरने वाचने गाळू नयेत म्हणून ती क्षेत्रे व्होलाटाइल केली. ज्या शब्दांना लॉक नाही तेथेही नियम आहे: आधी शब्द लिहायचा, मग बॅरिअर, मग हाक.

२६ ऑगस्ट, मंगळवार

फर्मवेअर लॉक धरून कोसळले तर काय, याची चाचणी आज केली. एम४ने सेमाफोर घेतल्यावर मुद्दाम अनंत फेरीत जावे असा आदेश घातला. विंडो वॉचडॉग (अडकलेला प्रोग्रॅम ओळखणारा टायमर) उठला, लिनक्सच्या रिमोट-प्रोसेसर व्यवस्थेने एम४ला थांबवून पुन्हा सुरू केले, पण सेमाफोर ८००००२०० वरच राहिला आणि लिनक्सची प्रत्येक मागणी मुदत संपून परत आली. चिपमध्ये एका कोअर-क्रमांकाचे सर्व सेमाफोर किल्लीच्या साहाय्याने एकदम मोकळे करण्याचे रजिस्टर आहे, ते वापरले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. एम४ खरोखर रीसेटमध्ये धरला गेल्याची खात्री झाल्यावरच मोकळे करायचे, कारण आधी केले तर मरता मरता तो आणखी एक शब्द लिहू शकतो. त्यानंतर लिनक्स तीन क्षेत्रे अर्धवट बदललेली आहेत का ते पाहते. यासाठी शेजारी एक अनुक्रमांक ठेवला आहे. तो बदलाच्या आरंभी विषम आणि शेवटी सम होतो. विषम सापडला तर पद्धत स्वयंचलित करायची आणि मगच एम४ सुरू करायचा.

उलट बाजूने, लिनक्स लॉक धरून गोठले तर फर्मवेअर अर्ध्या मिलिसेकंदापलीकडे थांबत नाही. ते त्या फेरीत सामाईक क्षेत्रांना हात न लावता पुढे जाते, आणि असे सलग शंभर फेऱ्या झाले तर सर्व पंखे चालू करते. ट्रान्सफॉर्मर जास्त थंड झाल्याने काही बिघडत नाही.

उद्या गणेश चतुर्थी आहे. काकांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, ताई सुट्टीवर आहेत, आणि मीही उद्या येणार नाही. संध्याकाळी सहा वाजता ७२ तासांची चाचणी सुरू केली. दिव्यांची तपासणी आता मिनिटाऐवजी दर सेकंदाला चालते, लिनक्सच्या दोन्ही कोअरवर मुद्दाम भार ठेवला आहे, आणि हस्तचलित पद्धतीची अदलाबदल अनियमित अंतराने होत राहील.

२८ ऑगस्ट, गुरुवार

चाचणी चालू आहे. हात लावला नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

चाचणी शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता पूर्ण झाली. आदेश आणि प्रतिसाद न जुळण्याची एकही घटना नाही, आणि लिनक्सच्या किंवा फर्मवेअरच्या कोणत्याही मागणीची मुदत संपली नाही. ॲनालायझरच्या चित्रात दोन्ही पिना एकाच वेळी वर असल्याचे कोठेही आढळले नाही. मी तेवढ्यावर समाधान मानले नाही, कारण १४ ऑगस्टला मला असेच वाटले होते. म्हणून जुना, रॉ पद्धतीचा संकेत त्याच वाढीव भाराखाली आज पुन्हा चालवून पाहिला. पाचवा पंखा अठराव्या मिनिटाला चुकला. म्हणजे चाचणी दोष पकडण्याइतकी कठोर आहे. मग नवा संकेत परत चढवला.

सामाईक क्षेत्रांच्या हेडर फाइलच्या आरंभी प्रत्येक क्षेत्रासमोर तीन गोष्टी लिहून ठेवल्या: ते कोण लिहिते, कोण वाचते, आणि दोघे लिहीत असतील तर कोणत्या सेमाफोरखाली. ज्याच्यासमोर ही ओळ नाही असे क्षेत्र त्या फाइलमध्ये घ्यायचे नाही, हे ताईंशी ठरले.

पुढच्या बोर्डाच्या आराखड्यात एक बदल सुचवला आहे. लिनक्सच्या आय-टू-सी नियंत्रकापासून विस्तारकाच्या दोन तारांकडे जाणाऱ्या मार्गात शून्य ओहमचे दोन रेझिस्टर आहेत. ते यापुढे बसवायचे नाहीत, फक्त जागा रिकामी ठेवायची. बेंचवरच्या बोर्डातून ते काकांनी दुपारी सोल्डरिंग आयर्नने काढले आणि छोट्या पाकिटात घालून, वर तारीख लिहून, या वहीच्या मागच्या पानाला चिकटवले.